रात्रीचं टेबल, दुपारचं हुमण: मुंबईहून जहाजाने गोवा

जहाजाने गोव्याला जाऊन आल्यापासून भेटेल तो एकच विचारतो, "बोट लागली का?" नाही लागली. नोव्हेंबरअखेरचा समुद्र शांत असतो, आणि जहाज एवढं मोठं की लिफ्टमधे उभं राहिल्यावर आपण पाण्यावर आहोत हेच विसरायला होतं. बोट लागण्याची काळजी करत बसण्यापेक्षा जेवायला कधी बसणार, कुठे आणि कोणाबरोबर, एवढं आधी ठरवून ठेवा. त्या जहाजावर संध्याकाळी काय बघायचं, गोव्यात उतरून किती लांब जायचं, परत कधी यायचं, हे सगळं शेवटी जेवणाच्या वेळेवर येऊन अडतं.

आमच्या कंपूत सासूसासरे, म्हणजे आई आणि आप्पा, आम्ही दोघं, मुलगी, आणि इमारतीतलं शेजारचं जैन जोडपं. शेजारीण घरून खाकरे आणि मेथीचे ठेपले घेऊन निघाली होती. "भाभी, भरवसा नाही," असं ती म्हणाली. तो भरवसा तिला नंतर कसा आला ते पुढे येईलच.

शुक्रवार: बॅलार्ड पिअर आणि दोन पंगती

बोर्डिंगबद्दल फार सांगण्यासारखं नाही. बॅगा दिल्या, आधार दाखवलं, फोटो काढला, गळ्यात कार्ड आलं. जहाजावर नोटा चालत नाहीत, सगळा खर्च त्या कार्डावर चढतो.

गोंधळ ॲपने घातला. आमच्या केबिन एकाच बुकिंगवर होत्या, तरी आईआप्पांना संध्याकाळी सहाची पंगत मिळाली होती आणि आम्हाला साडेआठची. (ॲपमधे 'पहिलं सीटिंग' आणि 'दुसरं सीटिंग' असं लिहिलेलं असतं. आप्पांनी पहिल्या तासातच त्याची पंगत करून टाकली आणि मग आम्ही सगळेच तसं म्हणू लागलो.) शेजाऱ्यांचं तर नावच कुठल्या टेबलावर नव्हतं. ॲपमधे बदल करायला गेलं की चक्र फिरत राहायचं.

अशा वेळी ॲपशी झटापट करू नका. चढल्या चढल्या, केबिनमधे बॅग टाकायच्याही आधी, मुख्य डायनिंग हॉलच्या दाराशी जा. बहुतेक जहाजांवर पहिल्या दुपारी तिथे हेड वेटर टेबल मांडून बसलेला असतो आणि त्याच्याकडे हॉलचा पूर्ण नकाशा असतो. बाकी लोक तेव्हा वरच्या डेकवर बुफेच्या रांगेत असतात. आमच्या पुढे जेमतेम दोन कुटुंबं होती.

हेड वेटर निघाला दक्षिण गोव्यातल्या साष्टीचा, कुंकळ्ळीकडचा. गोऱ्या साहेबाला सुनावावं तसं मी इंग्रजीत सुरू केलं, तर तो म्हणाला, "मॅडम, मराठी बोला. माझं मराठी गिरगावातलं आहे." मग काम सोपं झालं. त्याने पेन्सिलने आमची नावं खोडली, एका मोठ्या गोल टेबलाशी लिहिली, आणि विचारलं, "दोघांचं वेगळं टेबल हवं का? तशी फार थोडी असतात. मोठ्या टेबलावर अनोळखी माणसं येतील." आप्पा मागून म्हणाले, "येऊ देत. गप्पा तरी होतील."

ज्यांना हे सगळं नवं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. जहाजावर जेवायच्या जागा साधारण तीन प्रकारच्या. एक बुफे: तिथे बुकिंग नाही, कधीही जा, ताट घ्या. दुसरा मुख्य डायनिंग हॉल: जेवण तिकिटातच धरलेलं, पण मेनूकार्ड, वेटर आणि ठरलेली वेळ. तिसरी पैसे भरून जायची छोटी रेस्टॉरंटं: चिनी, इटालियन, ग्रिल वगैरे. ही तिसऱ्या प्रकारची काही आजची कल्पना नाही. १९०५ साली हॅम्बुर्ग-अमेरिका लाइनच्या 'अमेरिका' या जहाजावर रिट्झच्या नावाचं वेगळं पैसे भरून जेवायचं रेस्टॉरंट होतं. वेळ ठरलेली नसलेली, वाटेल तेव्हा या अशी पद्धत मात्र बरीच नंतर रुळली. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने ती २००० साली 'फ्रीस्टाइल' नावाने आणली आणि आता बऱ्याच कंपन्या ठरलेली पंगत आणि मोकळी वेळ असे दोन्ही पर्याय देतात.

माझं मत विचाराल तर वयस्कर माणसं बरोबर असतील तेव्हा ठरलेली पंगतच घ्यावी. मोकळ्या वेळेत आठ वाजता सगळ्यांनाच भूक लागते, आणि मग दाराशी बझर हातात धरून उभं राहावं लागतं. शिवाय ठरलेल्या टेबलावर वेटरही तोच असतो. दुसऱ्या दिवशी आईंना गरम पाणी सांगावं लागलं नाही.

हेड वेटरने आणखी एक सांगितलं, त्याचा फार उपयोग झाला. पैसे भरायच्या रेस्टॉरंटचं बुकिंग बघताना तो म्हणाला, "शनिवारी रात्री तिथे भरपूर जागा असते. गोव्यात उतरलेले लोक पोट फुटेस्तोवर खाऊन येतात आणि आल्यावर झोपतात. पण तुम्ही गोव्यात कुठे जेवणार?" म्हटलं, म्हार्दोळला, ह्यांच्या मावशीकडे. त्याने पेन्सिल खाली ठेवली. "मग शनिवारी काही बुक करू नका. रविवारी दुपारचं घ्या. रात्रीपेक्षा स्वस्त, आणि खिडकीजवळचं देतो."

पाच वाजून गेल्यावर जहाज सुटलं. सगळे डेकवर. डीजे, फोटो, हात हलवणं. आप्पा मात्र कठड्याशी उभे राहून किनाऱ्याकडे बघत होते. ते मूळ वेंगुर्ल्याचे. लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून बोटीने गावी जायचे. रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला, आणि शेवटी पणजी. 'रोहिणी', 'कोकण सेवक', 'कोकण शक्ती' ही नावं ते अजून घरातल्या माणसांची घ्यावी तशी घेतात. वेंगुर्ल्याला बोट किनाऱ्याला लागत नसे, ती लांब उभी राहायची आणि पडावात, म्हणजे होडीत, उतरावं लागायचं. मुलगी म्हणाली, "आप्पा, जेवण कुठे असायचं?" ते म्हणाले, "शिदोरीत. दशम्या आणि लसणाची चटणी. आणि रिझर्वेशन वळकटीचं. डेकवर धावत जाऊन वळकटी पसरायची. जेवढी पसरली तेवढी जागा आपली. त्यावरून मारामाऱ्या होत."

साडेआठला टेबलावर गेलो तर दोन पुरुष, दोन बायका आधीच बसलेले. तासगावचे द्राक्षबागायतदार आणि त्यांची पत्नी, त्यांचे मेहुणे, आणि कोल्हापूरच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका, एकट्या. बागायतदार दर पाच मिनिटांनी फोन बघत आणि रेंज नाही म्हणून परत खिशात टाकत. बाग फुलोऱ्यात होती आणि आभाळ आलं असं घरून शेवटचं कळलं होतं. "सहलीला आलोय पण जीव तिकडंच," त्यांची पत्नी म्हणाली. त्या रात्री टेबलावर अवकाळी पाऊस आणि द्राक्षावरचा डाऊनी रोग यांच्यावर जेवढं बोलणं झालं तेवढं समुद्रावर झालं नाही.

मुख्याध्यापिकाबाई अशा सहली नेहमी एकट्या करतात. त्या म्हणाल्या, "एकट्या बाईला जहाजावर कोपऱ्यातलं टेबल देतात, दया केल्यासारखं. मी बुकिंगच्या वेळीच लिहिते: मोठं टेबल, अनोळखी माणसं. एक नाही आवडलं तर दुसऱ्या दिवशी बदलून मागते." मग आमच्याकडे बघून, "तुमचं बरं दिसतंय."

आणि शेजारणीचा भरवसा. तिचं ताट आमच्या सगळ्यांच्या आधी आलं. कांदा, लसूण, बटाटा काही नाही. कोबी-मटार, डाळ, फुलके, वर एक गोड. स्वयंपाकघरातून एक जण मुद्दाम येऊन विचारून गेला, उद्या सूर्यास्ताच्या आधी जेवायचं असेल तर तसं सांगा. तिने ठेपले परत बॅगेत ठेवले.

जैन, उपवासाचं, कमी मिठाचं, शेंगदाण्याची ॲलर्जी, जे काही असेल ते बुकिंग करतानाच लिहा आणि पहिल्या दिवशी हेड वेटरला तोंडीही सांगा. एक फॉर्म भरून काम होतं असं समजू नका. स्वयंपाकघर उद्याची तयारी आजच करत असतं, त्यामुळे ऐन वेळी सांगितलं तर उकडलेल्या भाज्या मिळतील. आणि फोन विमान मोडवर टाकून जहाजाच्या वायफायला जोडा. जहाजाचं ॲप त्यावर इंटरनेटचं पॅकेज न घेताही चालतं. समुद्रातल्या रोमिंगचं बिल मात्र जीवघेणं येऊ शकतं. बुकिंगच्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, दाराशी तोच दाखवायचा.

शनिवार: मुरगाव, कुठ्ठाळी, म्हार्दोळ

सकाळी जाग आली तेव्हा जहाज किनाऱ्याकडे वळत होतं. डावीकडे दोना पावल आणि काबोचं टोक, उजवीकडे मुरगावची टेकडी. झुआरीच्या मुखाशी पाण्याचा रंग बदलला. एक मुलगा ओरडला, "डॉल्फिन!" सगळे त्या बाजूला धावले. मला पाठ दिसली, तीही एकदाच. मुरगाव बंदर बघायला देखणं नाही. कोळशाचे ढीग, क्रेन, लोखंडी मातीने लाल झालेल्या बार्ज. क्रूझच्या जाहिरातीतला गोवा इथे नसतो, तो इथून गाडीने गाठायचा असतो.

जहाजावरच्या न्याहारीला उतरणाऱ्यांची झुंबड होती. आम्ही चहा घेऊन निघालो आणि वास्को शहरात पावभाजी खाल्ली. म्हणजे गोव्याची पावभाजी, मुंबईची नव्हे. पातळ भाजी, सुकी भाजी, वाफाळता पाव, बाजूला मिरचीची भजी. पोदेराकडचे, म्हणजे पाववाल्याकडचे, उंडे (गोल पाव) नुकतेच आले होते, कवच कुरकुरीत. जैन मंडळींनी बन्स खाल्ले आणि वर आणखी मागवले. टेबलावर आधीपासून एक गृहस्थ बसून मराठी पेपर वाचत होते. त्यांनी न विचारता पेपर आवरला आणि आम्हाला जागा दिली.

बंदरावर टॅक्सी मिळते, पण दर आधी ठरवा, आणि नुसता जायचा नको, थांबून परत आणण्याचा ठरवा. परतीची वेळ सांगताना जहाज सुटायची वेळ सांगू नका. 'सगळे चढलेले असावेत' अशी वेगळी वेळ दिलेली असते, ती सांगा, आणि त्यातही एक तास हातचा ठेवा. शनिवारी वेर्ण्याच्या रस्त्याला गर्दी असते. जहाज टॅक्सीसाठी थांबत नाही.

आमचा ड्रायव्हर वास्कोचाच. गाडी कुठ्ठाळीच्या बाजूला आल्यावर आप्पांनी विचारलं, "मंगेश इथलाच ना?" त्याने वेग कमी केला. कुठ्ठाळी म्हणजे जुनी कुशस्थळी. मंगेशाचं मूळ देऊळ इथे होतं. पोर्तुगीजांचा जाच वाढला तेव्हा १५६० मधे भक्तांनी देव उचलून झुआरीपलीकडे अंत्रुज महालात (आजच्या फोंड्याकडे), आदिलशाहीच्या मुलखात नेला. म्हाळसा देवी पुढच्या वेर्ण्याची, तीही अशीच म्हार्दोळला गेली. ड्रायव्हर म्हणाला, "तुम्ही आज ज्या वाटेने चाललाय ना, देव त्याच वाटेने गेले. फरक एवढाच, ते होडीने नदी ओलांडून गेले." वेर्ण्यात आता म्हाळसेचं देऊळ पुन्हा बांधलं आहे. पण मावशीचं म्हणणं, म्हाळसा म्हार्दोळलाच बरी, इथे तिला सवय झाली.

मंगेशीला शनिवारची गर्दी होती. सात मजली दीपमाळेसमोर प्रत्येक कुटुंब फोटो काढत होतं, त्यामुळे दीपमाळ बघायची तर थांबावं लागत होतं. म्हार्दोळ त्या मानाने शांत. म्हाळसेच्या अंगणातली उंच पितळी समई जवळून बघा. ऊन वर आलं होतं, पायऱ्या तापल्या होत्या, आणि घामाने अंगाला कपडे चिकटले होते. मुंबईकरांनाही घाम फुटावा अशी ती दुपार होती.

मावशीचं घर देवळापासून जवळच, कुळागराच्या, म्हणजे माडापोफळीच्या बागेच्या, कडेला. आमच्या येण्याची वेळ तिने फोनवर आधी विचारून ठेवली होती, मग परत फोन करून पक्की केली होती. कारण विचारलं तर, "मासे सकाळी येतात. तुम्ही अकराला येणार असाल तर एक मासा, दोनला येणार असाल तर दुसरा." एवढं काटेकोर बुकिंग त्या जहाजावरही नव्हतं. दारात पाऊल टाकल्या टाकल्या, "कितें गो, इतलो उशीर?" आम्ही ठरल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी पोचलो होतो.

ताटात काय होतं ते लिहायलाच हवं. बांगड्याचं हुमण, म्हणजे ओल्या खोबऱ्याचं कालवण, तिरफळं घातलेलं. तिरफळ चावायचं नाही, बाजूला काढायचं, हे मुलीला आईंनी शिकवलं. इसवणाच्या (सुरमईच्या) तळलेल्या तुकड्या, रव्याचं पातळ आवरण. तिसऱ्यांचं सुकं, ओलं खोबरं भरपूर. सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, किसमूर. उकड्या तांदळाचा भात, सोलकढी. जैन शेजाऱ्यांसाठी मावशीने वेगळी चूल नाही पण वेगळी भांडी मांडली होती. मुगाची उसळ, नीरफणसाच्या कापा, काकडीची कोशिंबीर, आणि एक लालभोपळ्याचं गोड भरीत. "मला जैन म्हणजे काय ते माहीत नव्हतं, मी शेजारच्या भटजींना विचारलं, ते म्हणाले आपलं सोवळ्याचं असतं तसंच समज आणि कंदमुळं टाळ." शेजारणीने नीरफणसाच्या कापा चार वेळा घेतल्या. मग स्वयंपाकघरात जाऊन कृती लिहून घेतली, वर ठेपले देऊन आली.

आप्पा आणि मावशी बोटीच्या गप्पांत रमले. मावशीचं लग्न झालं तेव्हा वऱ्हाड बोटीने आलं होतं. पणजीच्या धक्क्यावर उतरताना नवऱ्याकडच्यांची ट्रंक हरवली आणि त्यात मुंडावळ्या होत्या, ही गोष्ट घरात सगळ्यांनी ऐकलेली आहे. तरी मावशीने ती पूर्ण सांगितली, कारण जैन शेजाऱ्यांनी ऐकली नव्हती.

निघताना तिने स्टीलच्या डब्यात उरलेलं हुमण भरलं, वर रबर, वर प्लास्टिक. जहाजावर बाहेरचं शिजवलेलं अन्न नेता येत नाही, हे तिला तीनतीनदा सांगितलं. "मासे तर आहेत, बॉम्ब आहे का?" डबा गाडीत आला. बंदराच्या फाटकाशी आम्ही तो ड्रायव्हरला दिला आणि सांगितलं, खा, पण डबा परत म्हार्दोळला पोचव, नाहीतर मावशी आम्हाला घरात घेणार नाही. त्याने झाकण किंचित उघडून वास घेतला. "डबा पोचला समजा."

बंद पाकिटातले काजू, बेबिंका, कोकम नेता येतात. फेणीची बाटली घेतली तर ती चढताना जमा करून घेतात आणि शेवटच्या दिवशी परत देतात. ह्यांनी घेतली होती, पावती नीट ठेवा एवढंच.

रात्री साडेआठच्या पंगतीला आमच्या टेबलावर निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. आईंनी नुसता दहीभात मागितला आणि तो आला. बागायतदार पणजीत फिशथाळी खाऊन आले होते. तिथे फोनला रेंज होती, पाऊस झाला नाही असं कळलं होतं, आणि माणूस ओळखू येऊ नये इतका बदलला होता. मुख्याध्यापिकाबाई पणजीच्या जुन्या फोंताइन्यास भागात एकट्या फिरून एका छोट्या खानावळीत जेवल्या. "रांग होती. मी पुढच्या कुटुंबाला विचारलं, तुमच्याबरोबर बसू का. बसले." वेटर मुलगा मात्र थोडा खट्टू दिसला. मेनू मोठा होता आणि कोणी मुख्य पदार्थापर्यंत जाईना.

ठरलेल्या पंगतीला नाही गेलात तरी दंड नसतो, पण सकाळीच सांगून ठेवलं तर टेबलावरच्या बाकीच्यांचं जेवण तुमच्यासाठी अडत नाही. पैसे भरायच्या रेस्टॉरंटचं मात्र वेगळं: ऐन वेळी न गेल्यास बऱ्याच ठिकाणी पैसे कापतात. रद्द करायची मुदत बुकिंग करतानाच वाचा.

रविवार: नुसता समुद्र

दिवसभर कुठेच उतरायचं नव्हतं. सकाळी डेकवर चालणाऱ्यांची मुंबईतल्या एखाद्या मैदानाला लाजवेल अशी गर्दी, नंतर पोहण्याच्या तलावाभोवती खुर्च्यांवर टॉवेल टाकून जागा धरणारे. आप्पांना वळकटीची आठवण झाली असणार, बोलले नाहीत, फक्त हसले.

दुपारी हेड वेटरने सांगितलेली खिडकीजवळची जागा. मंडळी थोडी, डिम सम, नूडल्स, आप्पांना पहिल्यांदाच चॉपस्टिक्स. त्यांनी त्या बाजूला ठेवून काटा मागितला, मग तोही ठेवून हाताने खाल्लं. वेटरने हात धुवायला लिंबाचं पाणी आणलं. रात्रीपेक्षा दुपारी जावं हे हेड वेटरचं म्हणणं पटलं. बाहेर समुद्र दिसतो, रात्री काचेत आपलंच तोंड दिसतं.

जेवणानंतर त्याने आम्हाला गॅली, म्हणजे स्वयंपाकघर दाखवलं. सगळीकडे असं सर्रास दाखवत नाहीत, काही जहाजांवर पैसे भरून दाखवतात, त्यामुळे विचारून बघा. सगळं स्टीलचं, ओट्यांना कडा, जहाज हललं तर भांडी घसरू नयेत म्हणून. तिथे उभं राहिल्यावर बुकिंग का लागतं ते समजलं. हॉल एक, जहाजावरची माणसं त्याच्या दुप्पट. पहिल्या पंगतीचं मिठाई-कॉफी चालू असताना दुसऱ्या पंगतीचं सूप गरम होत असतं. त्यामुळे नाटक-गाण्याचे कार्यक्रमही दोनदा ठेवतात. पहिली पंगत जेवते तेव्हा दुसरी थिएटरमधे, मग उलट. पंगत बदललीत तर कार्यक्रमाची वेळही बघा, नाहीतर सूप आणि जादूगार एकाच वेळी.

त्याला विचारलं, काल घरी गेलात का? म्हणाला, "तीन तास सुटी मिळाली. घर लांब, म्हणून आईच वास्कोला आली बसने. एका हॉटेलात बसलो. मी रोज हजारो लोकांना टेबल देतो आणि माझ्या आईला टेबल मिळेना, गर्दी होती." हे तो हसत सांगत होता. त्याचे आजोबा तारवटी, म्हणजे खलाशी, ब्रिटिश कंपन्यांच्या जहाजांवर स्वयंपाकी. मुंबईत जहाजाची वाट बघताना धोबी तलावच्या कुडीत राहायचे. कूड म्हणजे एकेका गावाची मुंबईतली खोली. वेदीसमोर संध्याकाळी रोजार (जपमाळेची प्रार्थना), भिंतीकडे ट्रंका, थोड्या भाड्यात झोपायला जागा. तो स्वतः पहिल्या नोकरीआधी तिथेच राहिला होता, म्हणून मराठी गिरगावातलं. "आता ॲप आलं, तरी माझ्याकडे पेन्सिल असते. ॲपला माणसाचं वय कळत नाही."

रात्री शेवटची पंगत. टेबलावर सगळे होते. वेटर मुलांना पाकिटं दिली (सेवाशुल्क आधीच कार्डावर लावलेलं असू शकतं, बिल बघून द्या). बागायतदारांनी फेब्रुवारीत बागेत यायचं आमंत्रण दिलं. मुख्याध्यापिकाबाईंनी आमच्या मुलीला विचारलं, "एकटी फिरशील का कधी?" ती म्हणाली, "आईने सोडलं तर." माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "सोडेल."

सोमवार: परत

मोठ्या बॅगा आदल्या रात्रीच केबिनबाहेर ठेवायच्या असतात. औषधं आणि सकाळचे कपडे हातातल्या पिशवीत काढून ठेवा. न्याहारीला लवकर जा, उतरायचे क्रमांक पुकारायला लागले की बुफेत चालताही येत नाही. फेणी मिळाली. कार्डाचं बिल दाराखालून आलेलं असतं, ते केबिनमधेच तपासा. आमच्यावर न घेतलेली एक कॉफी होती, काउंटरवर सांगितल्यावर काढली.

घरी पोचून कपडे धुवायला टाकले तोच मावशीचा फोन. डबा रविवारीच पोचला होता, आणि रिकामा नाही: ड्रायव्हरच्या बायकोने त्यात नारळाच्या वड्या भरून पाठवल्या होत्या. मावशीने लगेच त्याची जात-गाव-गोत विचारून घेतलं होतं आणि पुढच्या वेळी तोच ड्रायव्हर घ्या असा निकाल दिला. वर एक अट. "परत याल तेव्हा बोट सोमवारी मुरगावात येणारी घेऊ नका. सोमवारी मी मासे करत नाही."